ती मूळव्याध नव्हती

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

कापूस वेचून आत्ताच घरी आला असाल, चूल पेटली असेल. हाताचं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आम्ही घेतलेला विषय बाईच्या शरीराचा नाही, पुरुषाच्या शरीराचा आहे. गटाच्या बैठकीत हा विषय रेडिओवर घेऊ म्हटलं तेव्हा निम्म्या जणींनी पदर तोंडाला लावला. एक म्हणाली, "ताई, त्यांचं दुखणं त्यांनी बोलावं, आपण कशाला?" कोपऱ्यात बसलेल्या एक आक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "घ्या विषय. माझं नाव तेवढं घेऊ नका." म्हणून नाव सांगत नाही. अमळनेर आणि शिरपूरच्या मधलं, तापीच्या अंगाचं एक गाव समजा. त्यांना आपण आक्का म्हणू आणि त्यांच्या मालकांना अप्पा.

आधी शरीराचं थोडं समजून घेऊ. पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती, एक ग्रंथी असते. मोठ्या सुपारीएवढी. तिचं नाव प्रोस्टेट. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. वय वाढलं की बहुतेक पुरुषांची ही ग्रंथी वाढते आणि नळीवर दाब येतो. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, धार बारीक होते, लघवी झाली तरी राहिल्यासारखी वाटते. अशी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, हे पहिल्यांदा लक्षात घ्या, नाहीतर आज रात्री सगळ्या घरांत सासऱ्यांना धसका बसायचा. पण त्याच ग्रंथीत कॅन्सरही होतो आणि त्रास बाहेरून अगदी तसाच दिसू शकतो. कधी तर काहीच दिसत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांचा हा कॅन्सर मे २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा तो हाडांपर्यंत पोचलेला होता. हाताशी डॉक्टर असलेल्या माणसाचं हे, तर पाऊस कधी पडेल या काळजीत असलेल्या आपल्या माणसाचं काय सांगावं!

आणि ही ग्रंथी नेमकी कुठे आहे, ते आजच्या गोष्टीत फार महत्त्वाचं आहे. तिच्या पाठीला पाठ लावून आतड्याचं शेवटचं टोक आहे, म्हणजे जिथे संडास साठतो ती जागा. गुदाशय म्हणतात त्याला. म्हणूनच डॉक्टर हातमोजा घालून मागच्या बाजूनं बोट घालून प्रोस्टेट तपासतात. दोन मिनिटांचं काम. पण आपल्या पुरुषांना या दोन मिनिटांची इतकी लाज वाटते की ते दोन वर्षं दुखणं काढतील.

अप्पांना लघवी अडली म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हा त्यांचं वय सहासष्ट. रक्ताची पीएसए नावाची तपासणी झाली, आकडा शंभराच्या वर गेलेला. सुईनं प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. कमरेच्या हाडातही होता.

पीएसए म्हणजे काय? प्रोस्टेटच्या पेशी एक प्रथिन बनवतात, त्यातलं थोडं रक्तात येतं. ते मोजायचं. आकडा वाढलेला असला म्हणजे कॅन्सरच असं नाही. साध्या वाढीनं, जंतुसंसर्गानंही तो वाढतो. पण एकदा कॅन्सर ठरला की उपचार लागू पडतोय का, हे बघायला डॉक्टर हा आकडा पुन्हा पुन्हा काढतात.

अप्पांवर उपचार झाला तो हार्मोनचा. यामागची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स हगिन्स नावाच्या शिकागोच्या डॉक्टरांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं की प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसला जातो. तो हार्मोन तोडला की पसरलेला आजारसुद्धा आक्रसतो. पुढे १९६६ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. हा हार्मोन मुख्यतः पुरुषाच्या वृषणांत तयार होतो. म्हणून एक तर वृषण काढायची छोटी शस्त्रक्रिया करतात, नाहीतर ठरावीक महिन्यांनी इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि स्वस्त पडते. इंजेक्शनचा खर्च चालू राहतो. अप्पांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि सोबत गोळ्या सुरू झाल्या. आक्का म्हणाल्या, "गावात कोणाला सांगितलं नाही. हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं."

हा उपचार चालू असताना घरात काय होतं तेही सांगायला हवं, कारण दवाखान्यात ते कोणी बाईला सांगत नाही. आपल्याला पाळी जाताना जशा गरम वाफा येतात, घाम फुटतो, चिडचिड होते, तसं पुरुषाला होतं. इच्छा मरते. हाडं ठिसूळ होतात, दंड-मांड्या उतरतात. आक्कांना वाटायचं, यांना आता माझा कंटाळा आला. औषधानं असं होतं, एवढं एक वाक्य कोणी त्यांना सांगितलं असतं तर दोन वर्षांचं रडणं वाचलं असतं.

पण आजार मागे हटला. पीएसएचा आकडा शंभरावरून एकच्या खाली आला. अप्पा पुन्हा बैलजोडीमागे जाऊ लागले. कानबाईच्या रोटांना भाऊबंदांत बसून जेवले. दोन वर्षं बरी गेली.

मग संडासची तक्रार सुरू झाली. पोट साफ होईना. पुन्हा पुन्हा जावंसं वाटे, जाऊन बसले की काही होत नसे. संडास बोटासारखा बारीक होऊ लागला. मग रक्त, आव पडावी तसा चिकट. आक्कांनी विचारलं की उत्तर एकच, "माले काहीच व्हयेल नई." घरात कारणंही तयार होती. कळण्याची भाकर जड पडली, ठेचा जास्त झाला, भरताच्या पार्टीत वांग्यांवर तेल फार होतं. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, मूळव्याध.

आपल्याकडे फाट्याफाट्यावर भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेलं असतं, मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, खात्रीशीर. अप्पा अशाच एका ठिकाणी गेले. चार महिने गेले. चूर्ण, मलम, मग कसलंसं इंजेक्शन. आक्कांनी गटातून वीस हजारांचं कर्ज उचललं ते त्यासाठीच. उपचार करणाऱ्यानं आधीचा काही आजार आहे का, असं विचारलं नाही आणि अप्पांनी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कसलं ऑपरेशन झालंय तेही सांगावं लागलं असतं.

या चार महिन्यांत पीएसए दोनदा काढला. दोन्ही वेळा एकच्या खाली. मुलगा म्हणाला, कॅन्सर तर आटोक्यात आहे, कागदावर लिहिलंय. बहिणींनो, आजच्या बोलण्यातली खरी गोम इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

तुमच्यापैकी बहुतेक जणी कपाशीच्या. गुलाबी बोंडअळीनं २०१७ साली काय केलं ते आपल्याला सांगायला नको. तेव्हापासून शेतात कामगंध सापळे लावतो. त्या सापळ्यातल्या गोळीला गुलाबी बोंडअळीच्या मादीसारखा वास असतो, म्हणून तिचे नर पतंग येऊन अडकतात. सकाळी सापळ्यात किती पतंग आहेत ते मोजायचं आणि फवारायचं की नाही ते ठरवायचं. आता समजा, सापळा रिकामा आहे. म्हणजे शेतात गुलाबी बोंडअळी नाही. पण पांढरी माशी नाही, तुडतुडे नाहीत, असं त्यावरून म्हणता येईल का? त्या गोळीचा वास त्यांच्यासाठी नाहीच. पानं आकसून लाल पडली तरी सापळा रिकामाच राहणार.

पीएसए हा तसा सापळा आहे. प्रोस्टेटच्या नेहमीच्या कॅन्सरच्या पेशी ते प्रथिन बनवतात, म्हणून त्या मोजता येतात. या नेहमीच्या प्रकाराला अहवालात ॲडेनोकार्सिनोमा म्हणतात, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कॅन्सर. पण हार्मोन तोडून दीर्घ काळ उपचार झाल्यावर काही रुग्णांत या पेशी आपलं रूपच बदलतात. पुरुषी हार्मोनवाचून जगायला शिकतात. ग्रंथीच्या पेशीसारख्या राहत नाहीत, बारीक होतात, दाटीवाटीनं भराभर वाढतात. अहवालात त्यांना स्मॉल सेल किंवा न्यूरोएंडोक्राइन असं लिहिलेलं असतं. क्वचित आणखी वेगळं रूप घेतात, त्वचेच्या थरासारखं, त्याला स्क्वॅमस म्हणतात. रूप बदललेल्या या पेशी पीएसए फारसं बनवतच नाहीत. म्हणजे आजार वाढत जातो आणि आकडा खालीच राहतो. कपाशीत निदान कीड बदलली तरी ती बाहेरून आलेली असते. इथे त्याच पेशींची वीण बदलते.

हे सगळ्यांना होतं असं नाही. पहिल्याच तपासणीत हा प्रकार निघणं फार विरळा, शंभरात एखाद्याला. पण हार्मोनच्या उपचाराला दाद देईनासा झालेला, पसरलेला आजार असेल तर तितकं विरळ राहत नाही. अमेरिकेत अशा दीडशेहून अधिक रुग्णांचे तुकडे पुन्हा काढून तपासले होते. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभरात सतरा जणांत हा बदललेला प्रकार दिसला.

आणि आतड्यात कसा गेला? प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्यामध्ये चिवट पडदा असतो. त्यामुळे प्रोस्टेटचा नेहमीचा कॅन्सर पाठीच्या, कमरेच्या हाडांत जातो, पण शेजारच्या आतड्यात सहसा शिरत नाही. बदललेला प्रकार जास्त आडदांड असतो. तो यकृतात जातो, आसपासच्या अवयवांत घुसतो, आणि कधी तो पडदा ओलांडून गुदाशयाला विळखा घालतो. वाट अरुंद झाली की संडास बारीक होतो, आत व्रण झाला की रक्त पडतं. बाहेरून बघणाऱ्याला ते मूळव्याधीसारखंच दिसतं.

अप्पांचं पोट एका रात्री ढोलासारखं फुगलं, वारा सरकेना, उलट्या सुरू झाल्या. गाडी करून धुळ्याला नेलं. घरातून निघताना त्यांच्या सुनेनं एक काम केलं. जुन्या कागदांची पिशवी सोबत घेतली. सून दहावी पास, आमच्याच गटाची हिशेबनीस. तिथल्या तरुण डॉक्टरांनी ती फाइल उघडली, बोटानं तपासलं आणि विचारलं, "यांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हे मूळव्याधवाल्याला सांगितलं होतं का?" खोलीत कोणी बोललं नाही.

आधी अडलेली वाट मोकळी करायची होती. म्हणून पोटाला छिद्र पाडून आतडं तिथे बाहेर काढलं आणि पिशवी लावली. मग स्कॅन, दुर्बीण, गुदाशयातून तुकडा. अहवाल आला, स्मॉल सेल. आता प्रश्न असा की हा आतड्यातच उगवलेला नवा कॅन्सर की प्रोस्टेटचाच बदललेला? कारण त्यावर पुढचं सगळं ठरणार. त्यासाठी दोन वर्षांपूर्वीचा प्रोस्टेटचा तुकडा पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवा होता. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून ठेवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. काचेच्या पट्ट्यांना स्लाइड. हे रुग्णाला मागून मिळतात, पण तुम्हाला मागायला हवेत, पावती दाखवायला हवी. पावती सुनेच्या पिशवीत होती. तुकड्यांना वेगवेगळे रंग देऊन तपासायची एक पद्धत आहे, आयएचसी म्हणतात, ती झाली. नव्या तुकड्याच्या एका कडेला जुन्या ग्रंथीच्या पेशी थोड्या शिल्लक सापडल्या. त्यावरून ठरलं की मूळ प्रोस्टेटचंच.

तुकडा बघून आजार ओळखणारे हे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, आपल्याला कधी दिसत नाहीत. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, म्हणजे हगिन्स यांचं काम प्रसिद्ध झालं त्याच वर्षी. तिथल्या प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी माणसानं घेतली. भारतातल्या कॅन्सर संशोधनाचा पाया त्यांनी घातला. तेव्हापासून आजवर गोष्ट तीच आहे, तुकड्यावर काय दिसलं त्यावर औषध ठरतं.

आणि इथे औषध खरोखरच बदलतं. बदललेल्या पेशींना हार्मोनच्या उपचाराची फिकीर नसते. तिथे केमोथेरपी लागते, बहुतेक वेळा फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरला देतात तीच, कार्बोप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन आणि सोबत एटोपोसाइड, साधारण दर तीन आठवड्यांनी. ही जुनी औषधं आहेत, नव्या लाखमोलाच्या औषधांतली नाहीत. त्यांनी गाठ आक्रसते, कधी फार लवकर आक्रसते. पण हा आजार बहुतेकदा परत उलटतो. तेव्हाचं आयुष्य पुष्कळदा महिन्यांत मोजावं लागतं. आम्ही इथे गोड बोलणार नाही, कारण गोड बोलून बोलूनच लोक शेत विकायला लावतात.

अप्पांच्या घरात तो प्रश्न आलाच. थोरल्या मुलाचं म्हणणं, तीन एकरांतलं एक विकू आणि मोठ्या शहरात नेऊ. कोणीतरी नातेवाइकानं तिकडच्या खाजगी रुग्णालयाचं नाव सांगितलं होतं. आक्कांनी सुनेला घेऊन डॉक्टरांना गाठलं आणि दोन प्रश्न विचारले. तिकडे नेलं तर वेगळं औषध मिळेल का? आणि या औषधानं किती दिवस आणि कसे दिवस मिळतील? डॉक्टरांनी सरळ सांगितलं की औषध हेच आहे, इथेही मिळेल, बरं होणार नाही, पण सुसह्य दिवस मिळू शकतील. शेत विकलं नाही. आमच्या मते हे दोन प्रश्न कुठल्याही मोठ्या आजारात बाईनं स्वतः विचारावेत. मुलगा भावनेच्या भरात असतो आणि सात-बारा त्याच्या नजरेसमोर असतो.

आता पिशवीबद्दल, कारण आक्कांना सगळ्यात धास्ती तिची होती. ज्या आतड्याचं तोंड पोटावर काढतात ते ओलं, लालबुंद दिसतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. ते तसंच असायला हवं. त्याला हात लावला तर दुखत नाही. काळं पडलं तर मात्र ताबडतोब दवाखाना. पिशवी काठोकाठ भरू देऊ नये, तिसरा हिस्सा भरली की रिकामी करावी, नाहीतर वजनानं सुटते. भोवतालची कातडी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करावी, उग्र साबण नको, हळद-तेल काही नको, त्यानं पिशवी चिकटत नाही. चिकटायच्या चकतीचं भोक तोंडाच्या मापानं कापावं. मोठं कापलं तर कातडी सोलवटते. वर सैल सदरा घातला की कोणाला कळत नाही. अप्पा नातीच्या लग्नाला अशा सदऱ्यात पहिल्या रांगेत बसले. दुसऱ्या केमोनंतर ते थोडे सावरले होते तेव्हाची ही गोष्ट.

आठ महिने मिळाले. शेवटचे दोन दुखण्याचे होते. दुखणं सोसावंच लागतं असं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या असतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ठरलेल्या वेळेला द्यायच्या. दुखायला लागल्यावर द्यायच्या नसतात. त्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्यायचं. व्यसन लागेल म्हणून गोळी लपवून ठेवणारी घरं आम्ही पाहिली आहेत. या माणसाला कसलं व्यसन लागणार?

मैत्रिणींनो, एक सांगतो, रक्त पडलं म्हणजे कॅन्सर आतड्यात पोचला असंच नाही. प्रोस्टेटला शेक दिला असेल, म्हणजे रेडिएशन, तर त्यानंही नंतर महिन्या-वर्षांनी संडासवाटे रक्त येऊ शकतं. वेदनेच्या गोळ्यांनी पोट जड होतं. खरीखुरी मूळव्याधही असतेच की. फरक काय तो डॉक्टर ठरवतील. आपण एवढंच करायचं की ज्या पुरुषाच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर कधीही उपचार झालाय, त्याच्या पोटाची, संडासची कुठलीही नवी तक्रार पहिल्यांदा त्याच कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालायची. पीएसए कमी असला तरी घालायची. आणि आकडा कमी असून त्रास वाढत असेल, वजन उतरत असेल, तर विचारायचं, "डॉक्टरसाहेब, पुन्हा तुकडा घ्यायची गरज आहे का?" हा प्रश्न विचारल्यानं कोणी रागावत नाही. रागावले तर रागावले.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. अशा माणसाची पाठ एकाएकी फार दुखू लागली, पायांतली शक्ती जाऊ लागली, मुंग्या येऊ लागल्या, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट बघू नका. हाडातली गाठ मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाबत असते. उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

आपल्या लेकींशी संबंध असलेली एक गोष्टही यात आहे. काही घराण्यांत बीआरसीए नावाच्या जनुकात दोष चालत येतो. त्याच दोषानं बाईला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होऊ शकतो आणि पुरुषाला प्रोस्टेटचा. म्हणून वडिलांना पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर आणि आत्याला स्तनाचा, असं घर असेल तर ते डॉक्टरांना सांगा. पुरुषाकडूनही तो दोष मुलीकडे येतो.

खर्चाचं बोलू. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तुम्हाला माहीत आहे. जुलै २०१२ मध्ये राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली तेव्हा त्यात आपला धुळे जिल्हा होता. जळगावला ती पुढच्या वर्षी आली. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ मध्ये बदललं. आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. भरती व्हायच्या आधी त्याला भेटा. कोणत्या तपासण्या योजनेत बसतात आणि कोणत्या खिशातून कराव्या लागतील ते त्याच्याकडून लिहून घ्या. फोन करायचा तर १५५३८८. त्याउपर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

टाटाला जायचं ठरलं तर जळगाव, चाळीसगावहून गाडीनं दादरला उतरायचं, परळ तिथून जवळ. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते पहिल्याच भेटीत मागून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावानं धर्मशाळा आहे. टाटाच्या समाजसेवा विभागात विचारलं की अशा जागांची माहिती देतात. एसटीचं तर आपलं निम्मं तिकीट आहेच, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला एसटी मोफत आहे. म्हणजे "जायला पैसे नाहीत" हे त्यांचं कारण आता चालायचं नाही.

आमच्या ग्रामसंघात आता एक ठराव झाला आहे. आजारपणासाठी गटातून कर्ज मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण अर्जासोबत डॉक्टरांचा कागद जोडायचा. भिंतीवरच्या जाहिरातीच्या औषधाला गटाचा पैसा द्यायचा नाही. ठराव आक्कांनी मांडला. त्यांच्या वीस हजारांतले सहा हजार फिटायचे आहेत, हप्ता त्या चुकवत नाहीत.

आणि त्यांच्या सुनेनं एक पिशवी शिवली आहे, जुन्या नऊवारीची, आत चार कप्पे. एकात तुकड्यांचे अहवाल आणि ब्लॉकच्या पावत्या, एकात रक्ताचे कागद तारखेप्रमाणे, एकात स्कॅनच्या फिती आणि सीडी, एकात रेशनकार्ड, आधार आणि योजनेचं कार्ड. अशा पिशव्या ती गटासाठी शिवून देते, ऐंशी रुपयाला एक. ज्यांना हवी असेल त्यांनी पुढच्या बैठकीत आपल्या गटाच्या अध्यक्षांकडे नाव नोंदवा. कापड तुमचं असेल तर पन्नास.